लंडन ते पर्थ, मार्गे भुसावळ

पृथ्वी गोल आहे, या गोष्टीचा आजवर सर्वांत जास्त त्रास कुणाला झाला असेल, तर तो आमच्या साडभाऊंच्या ओळखीच्या माणसांना. इतर लोक ही गोष्ट शाळेत एकदा पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पुढे जन्मभर सपाट जमिनीवर सुखाने संसार करतात. साडभाऊंना ते जमलं नाही. त्यांच्या मते पृथ्वीचं गोल असणं ही रोज ध्यानात ठेवायची बाब आहे, आणि समोरचा माणूस ती विसरलेला दिसला की त्याला तिथल्या तिथे आठवण करून देणं हे शेजारधर्मात मोडतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते अकोल्यात राहतात, मी अमरावतीत. आमच्या दोघांमधलं अंतर त्यांच्या हिशेबाने सत्तर किलोमीटर आहे. एसटीने त्याचे शंभराच्या आसपास होतात, पण रस्त्याचं अंतर हे अंतरच नव्हे, ती रस्ता बांधणाऱ्याची मर्जी असते, असं ते मानतात. खरं अंतर विमानतळापासून विमानतळापर्यंत. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून माझ्या माहितीत तरी कुणी तिकीट काढून कुठे गेलेलं नाही. पण त्याने साडभाऊंचं काही अडत नाही. शिवणीहून ते रोज जगातल्या कुठल्या ना कुठल्या विमानतळाला जाऊन येतात, कागदावर.

नोकरीत ते भूकरमापक होते, म्हणजे सरकारी मोजणीदार. आयुष्यभर त्यांनी अकोला जिल्ह्यातली काळी शेतं मोजली. शेतावर मोजणीदार बोलावतात तो शेत किती मोठं आहे हे बघायला नव्हे, शेजारच्याने धुरा किती सरकवला हे ठरवायला. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वऱ्हाडात सख्खी माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात ती बहुधा याच्याच दोन बाजूंना उभी राहून. बार्शीटाकळीकडे दोन भावांचा असाच एक धुरा होता. साडभाऊंनी मोजणी केली, खुणा ठोकल्या, पंचांच्या सह्या घेतल्या, आणि घरी जेवता जेवता त्यांच्या मनात आलं की एका खुणेत थोडा फरक राहिला असावा. दुसऱ्या दिवशी ऐन मे महिन्यात, कुणी बोलावलं नसताना, ते परत गेले आणि खूण उपटून पुन्हा साखळी टाकली. फरक निघाला चार बोटं. थोरल्या भावाने विचारलं, साहेब, चार बोटांसाठी आले तुमी? साडभाऊ म्हणाले, भांडन बोटापासूनच सुरू होते. त्यांनी केलेल्या मोजणीवर कुणी अपिलात गेलं नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत. ते काम आमच्या ताई करत, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, आणि तेही नवऱ्यावर रागावलेल्या असतील तेव्हाच. ‘दुनिया मोजली यायनं, घरात मीठ संपलं ते दिसत नाई,’ अशी त्या सांगण्याची चाल असे.

शेतांवरून ते विमानतळांवर कसे आले, याचं कारण सरळ आहे. मुलगा अमोल नोकरीसाठी लंडनला गेला, आणि त्याच्या पाठोपाठ दोन वर्षांनी मुलगी वैशाली लग्न होऊन ऑस्ट्रेलियात पर्थला गेली. दुसरा बाप असता तर त्याने देवाला नारळ वाहिला असता किंवा पासपोर्ट काढला असता. साडभाऊंनी जुन्या शहरातल्या शाळेचं सामान विकणाऱ्या एका दुकानातून पृथ्वीचा गोल आणला. गोल इतका जुना होता की त्यावर काही देश अजून आपल्या आधीच्याच नावांनी नांदत होते. ताईंच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेऊन त्यांनी शिवणी ते लंडन असा ताणला, पट्टीवर मोजला आणि समाधान न झाल्याने पुन्हा ताणला. महिनाभरात दोरा मागे पडला. अक्षांश, रेखांश, ज्या, कोज्या, लॉगची पुस्तिका आणि चौकटीची फुलस्केप वही, असा त्यांचा सरंजाम उभा राहिला. मी एकदा म्हटलं, भाऊसाहेब, मोबाईल एका सेकंदात सांगतो. ते म्हणाले, ‘सांगते ना. पन कसं काढलं ते दाखवते काय?’ मी आयुष्यभर मराठी शिकवलं. कसं काढलं ते दाखवलं नाही म्हणून मी कधी कुणाचे गुण कापले नव्हते.

स्वतः ते आजतागायत विमानात बसलेले नाहीत. बसायची इच्छाही दिसत नाही. मध्यंतरी आमच्या अमरावतीला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तेव्हा मी जरा तोऱ्यातच त्यांना फोन करून कळवलं. अकोलेकराला डिवचायची संधी अमरावतीकर सहसा सोडत नाही. ते दुसऱ्याच दिवशी आले. मला वाटलं विमान बघायला आले. आम्ही बाहेरच्या रस्त्यावर कुंपणाशी उभे राहिलो, विमान आलं, माझ्यासकट सगळे माना वर करून बघत होते, आणि साडभाऊ धावपट्टीचं मधलं ठिकाण कुठे येतं याचा अदमास घेत जमिनीकडे बघत होते. विमान उतरलं, चढलं, गेलं. परतताना त्यांनी मला सांगितलं की बेलोरा ते मुंबई पाचशे बेचाळीस किलोमीटर भरतं, तुमचं अभिनंदन.

लग्नकार्यात ते असले की मुलं परदेशात असलेल्या मंडळींना मोठा हुरूप येतो, कारण एवढ्या आस्थेने चौकशी करणारा पाहुणा दुसरा नसतो. फक्त चौकशीची दिशा वेगळी असते. कुठल्या कंपनीत, पगार काय, मुलगी बघून ठेवली का, असलं ते काही विचारत नाहीत. कोणत्या विमानतळावर उतरते, एवढंच विचारतात. नुसतं शहराचं नाव सांगितलं तर ते चालत नाही. शहर केवढं अस्ताव्यस्त असते, ते म्हणतात, अकोला म्हणजे काय समजायचं, बसस्टँड का शिवणी? परतवाड्याच्या एका लग्नात नवऱ्या मुलाचे काका नुकतेच अमेरिकेत मुलाकडे राहून आले होते. विमान मुंबईहून निघून समुद्रावरून सरळ पश्चिमेला गेलं असं ते सांगत होते. साडभाऊंनी विचारलं, तुमाले खिडकी होती काय? काका म्हणाले, मधली सीट होती, पण पश्चिमेलाच गेलं, अमेरिका पश्चिमेलाच आहे. मग साडभाऊंनी पंगतीच्या कडेला ठेवलेल्या टोपलीतलं एक संत्रं उचललं, मंडपाच्या हारातला दोरा सोडवला, आणि मुंबईपासून अमेरिकेपर्यंत तो ताणून दाखवला. ताणल्याबरोबर दोरा आपसूक वर, उत्तरेकडे, देठाच्या बाजूला सरकला. विमान वरून जाते, ते म्हणाले, नकाशा सपाट आहे म्हणून तुमाले आडवं वाटते. काका दोनदा अमेरिकेला जाऊन आले होते आणि साडभाऊ भुसावळच्या पलीकडे फारसे गेले नव्हते, पण मंडपातला एकही माणूस काकांच्या बाजूने उरला नाही. ते संत्रं मग एका आजीबाईंनी सोलून नातवंडांना वाटलं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं, आणि मीही ते गमतीनेच सांगत असे. त्यांच्या या नादाने कुणाचं नुकसान होईल असं मला कधी वाटलं नाही. ते झालं ताईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी.

ऑपरेशन अकोल्यातच व्हायचं होतं. दोघा मुलांपैकी एकाने तरी यावं असं ताईंना वाटत होतं. त्या तसं बोलल्या नव्हत्या, पण माझ्या बायकोला बहिणीच्या न बोललेल्या गोष्टी ऐकू येतात. मुलं वाईट नाहीत. दोघांनाही यायचं होतं, आणि दोघांनाही त्याच आठवड्यात रजा मिळत नव्हती. वैशालीची लेक तेव्हा चार महिन्यांची होती, अमोलची नवी नोकरी लागून महिना झाला होता. अशा वेळी माणसं जे बोलतात ते ती बोलली. अमोल म्हणाला, तू जवळ आहेस, तू जा. वैशाली म्हणाली, जवळ मी कशी, जवळ तू. दोन दिवस फोनवर हेच चाललं. मग तिसऱ्या दिवशी वैशालीने सहज, चिडून, बापाला विचारलं की बाबा, तुम्हीच सांगा कोण जवळ आहे ते.

हा प्रश्न या माणसाला विचारायचा नव्हता. दुसऱ्या कुठल्याही बापाने सांगितलं असतं की पोरींनो-पोरांनो, दोघंही सारखेच दूर आहात, भांडू नका, आम्ही बघतो. साडभाऊ वही घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत त्यांनी दोनदा गणित केलं, तिसऱ्यांदा ताळा पाहिला, आणि मोजणी झाल्यावर दोन्ही पक्षकारांना नकाशाची ‘क’ प्रत द्यायची असते तशी ती व्यवस्थित आखून, तिचा फोटो काढून दोघांना मोबाईलवर पाठवली. शिवणी ते लंडन सात हजार तीनशे एकोणसत्तर किलोमीटर. शिवणी ते पर्थ सात हजार एकशे एकाहत्तर. फरक एकशे अठ्ठ्याण्णव. खाली सही आणि तारीख.

अमोलने उत्तर पाठवलं, बघ. वैशालीने उत्तर पाठवलं की विमानाला एवढ्या अंतराला पंधरा मिनिटं लागतात, तू पंधरा मिनिटांसाठी आईला सोडतोस का. त्यावर तो जे बोलला आणि त्यावर ती जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. ऑपरेशनला दोघांपैकी कुणीच आलं नाही. मी आणि माझी बायको जाऊन राहिलो. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी ताई खाटेवर उशाला टेकून बसल्या होत्या, साडभाऊ शेजारी स्टुलावर होते, आणि ताई खिडकीकडे बघत त्यांना म्हणाल्या, ‘माह्यं दुखनं तुमी नकाशावर टाकलं.’

बस, एवढंच. पुढे त्या वर्षभरात त्यांनी तो विषय काढला नाही. साडभाऊंनीही काढला नाही. मला त्यांचा राग आला होता, खराच आला होता, आणि तरी त्या स्टुलावर बसलेल्या माणसाकडे बघून मी त्यांच्यासाठी चहा आणायला उठलो. पस्तीस वर्षं भावाभावांची भांडणं मिटवत फिरलेल्या माणसाने स्वतःच्या घरात अचूक मोजणी करून भांडण लावून ठेवलं होतं, आणि त्यात चार बोटांचीही चूक नव्हती.

त्यानंतर अमोल आणि वैशाली एकमेकांशी बोलेनासे झाले. आईवडिलांशी मात्र दोघंही बोलत, रोज बोलत. सकाळी पर्थहून फोन यायचा, दुपारी लंडनहून. सकाळच्या फोनमध्ये दादा कसा चुकला ते असायचं, दुपारच्यात वैशू कशी चुकली ते. दिवाळीला येऊ का, असं वैशालीने विचारलं आणि पाठोपाठ, दादा येणार असेल तर नाही, असंही सांगितलं. अमोलचंही तेच. माझ्या घरी दोघं एकदम जेवाले बसलेली मले दिसन काय, असं ताई माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या. बायकोने ते मला सांगितलं, मी फोनवर साडभाऊंना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं की ‘दिसन काय’ म्हणाली का ‘दिसते काय’ म्हणाली. मी म्हटलं, दिसन काय. वऱ्हाडीत त्याचा अर्थ दिसेल का. म्हणजे तिला अजून आशा आहे, ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी त्यांचा मला फोन आला. ‘मास्तर, पंच म्हनून येता काय?’ मोजणीला दोन्ही पक्षांना न जोडलेला एक तरी माणूस साक्षीला लागतो, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक झालं होतं. मी एसटीने अकोल्याला गेलो. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले होते, आणि ताई आत भाजी निवडत होत्या, म्हणजे ऐकत होत्या. साडभाऊंनी मला समोर बसवलं आणि सांगितलं की त्या वेळी मोजणी चुकली नव्हती, अर्ज चुकला होता. दोघं इथून किती लांब आहेत हे आपण मोजायलाच नको होतं. मोजायचं होतं ते त्या दोघांमधलं अंतर. भांडण ज्यांच्यात आहे त्यांच्यामधली जागा मोजतात, कुणी तहसील कचेरीपासूनचं अंतर मोजत बसतं का?

मग त्यांनी ते मोजलं होतं. लंडनचा विमानतळ ते पर्थचा विमानतळ, चौदा हजार पाचशे नऊ किलोमीटर. मोजणीच्या तेहतीस फुटी साखळीने मोजायचं तर साडेचौदा लाखांच्या जरा आत साखळ्या, हेही त्यांनी बाजूला लिहून ठेवलं होतं, सवयीने. ‘आता याचा मध्य काढा,’ ते मला म्हणाले, जणू मी तो काढणार होतो. मध्य त्यांनीच काढला होता. जगाच्या दोन टोकांना असलेल्या त्या दोन विमानतळांच्या बरोबर मधोमध जे ठिकाण येत होतं ते रत्नागिरीसमोरच्या समुद्रात होतं. आपल्या किनाऱ्यापासून फार दूर नाही. मी म्हटलं, समुद्रात कसे भेटतील? ते म्हणाले, तेच सांगून राह्यलो. त्या ठिकाणातून दोघांपासून सारख्या अंतरावरची रेघ वर काढली, तर ती किनाऱ्यावर चढते, घाट ओलांडते, ईशान्येला सरकत सरकत खानदेशातून जाते, आणि आपली रेल्वेलाईन जिथे ओलांडते तिथे भुसावळ आहे.

मी ते गणित तपासू शकत नव्हतो, पण कागदावर बोट ठेवून त्यांनी ज्या आवाजात भुसावळ म्हटलं तो आवाज मी पूर्वी ऐकलेला नव्हता. आत भाजी निवडणं थांबलं होतं. त्यांनी दुसरी ‘क’ प्रत तयार केली होती. ती त्यांना येत असलेल्या एकमेव मराठीत लिहिलेली होती, म्हणजे सरकारी नोटिशीच्या. वादी अमोल व प्रतिवादी वैशाली यांस कळविण्यात येते की, उभयतांपासून सारख्या अंतरावरील ठिकाण भुसावळ हे आहे. सबब, उभयतांनी दिवाळीच्या आठवड्यात भुसावळ स्थानकावर समक्ष हजर राहावे. कुणीही कुणाकडे गेले असे धरले जाणार नाही. भुसावळ ते अकोला हे उरलेले अंतर वडिलांच्या हिश्शाचे आहे. नोटिशीच्या शेवटी नेहमी असतं ते वाक्य, गैरहजर राहिल्यास आपल्या गैरहजेरीत मोजणी पूर्ण करण्यात येईल, हेही त्यांनी लिहिलं होतं. ताई बाहेर आल्या, चष्मा लावून त्यांनी सगळं वाचलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे खोडा. त्यांनी खोडलं. मी पंच म्हणून सही केली.

चार दिवस उत्तर आलं नाही. साडभाऊ वहीला हात लावत नव्हते, असं ताईंनी सांगितलं. पाचव्या दिवशी वैशालीने नुसता तिकिटाचा फोटो पाठवला. सहाव्या दिवशी अमोलचा फोन आला. गाडी अकोल्याला थांबते ना बाबा, मग भुसावळला कशाला उतरायचं, असं त्याचं म्हणणं होतं. साडभाऊंनी सांगितलं, ‘थांबते. पन तुमचं सारखं अंतर भुसावळले संपते. तिथून पुढं मी.’ मग अमोल म्हणाला, किती नंबरचा प्लॅटफॉर्म?

दिवाळीच्या आधी दोन दिवस आम्ही भाड्याची गाडी करून भुसावळला गेलो, ते आणि मी. ताईंना त्यांनी आणलं नाही. त्यांना घरी, पानावर, दोघं एकदम दिसायला हवी होती. साडभाऊंनी दोघांना वेगवेगळं त्याच दिवसाची, मुंबईहून येणारी एकच गाडी सांगितली होती, आणि दोघांनी एकमेकांना न सांगता तिचंच तिकीट काढलं होतं. अमोल इंजिनाकडच्या डब्यात, वैशाली शेवटाकडच्या. म्हणजे मुंबईपासून भुसावळपर्यंत भाऊबहीण सात तास एकाच गाडीत बसून आली, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. साडभाऊंना होतं. ते मला म्हणाले, सांगू नका, गाडीतल्या गाडीत भांडतीन. प्लॅटफॉर्मवर ते मध्यावर उभे राहिले, हे सांगायला नकोच.

गाडी दुपारी आली. इंजिनाच्या बाजूला अमोल उतरला, शेवटच्या बाजूला वैशाली उतरली, लेकीला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात भली मोठी बॅग. गर्दी जरा ओसरल्यावर ती एकमेकांना दिसली. दोघंही आपापल्या जागी उभी राहिली. साडभाऊ मध्ये. मी पाहत होतो, ते आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे बघायचे, आणि त्यांचं एकही पाऊल उचलत नव्हतं. जन्मभर ज्या माणसाला कुठून कुठे किती हे माहीत होतं त्याला आता आधी कुणाकडे जावं हे कळत नव्हतं. मग अमोल निघाला. बापाच्या बाजूने तो सरळ पुढे निघून गेला, पार पुढे, आणि त्याने वैशालीच्या हातातली बॅग घेतली. वैशालीने त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, ‘दादा, केस कुठं गेले तुहे?’

परतताना दोघं मागे बसून तास-दीड तास भांडत होती, पण ते लहानपणीच्या एका सायकलवरून, आणि त्यात हसणं जास्त होतं. साडभाऊ पुढे बसले होते. मला राहवलं नाही. मी मोबाईलवर भुसावळचं अंतर काढून बघितलं आणि मलकापूर गेल्यावर हळूच त्यांच्या कानाशी म्हटलं, भाऊसाहेब, भुसावळ बरोबर मध्ये नाही. अमोलला अठ्ठावीस किलोमीटर कमी यावं लागलं. ते म्हणाले, ‘मले माहीत हाय. बरोबर जागा बोदवडच्या बाजूनं एका शेतात येते. तिथं गाडी थांबत नाई.’

ताई काठी न घेता फाटकापर्यंत आल्या होत्या. पुढचं मी सांगत नाही. एवढं सांगतो की बेसनाच्या पातोड्यांची भाजी करून पानं मांडली तेव्हा त्यांनी दोघांना शेजारी बसवलं आणि स्वतः समोर, काहीही न वाढता, नुसत्या बसून राहिल्या. वाढलं माझ्या बायकोने.

मुलं बारा दिवस राहिली आणि परत गेली. याला आता पाच-सहा महिने झाले. परवा मी अकोल्याला गेलो होतो. साडभाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर मोबाईल. मी बसलो, चहा झाला, आणि माझ्या लक्षात आलं की त्या तास-दीड तासात एकदाही फोन वाजला नाही. पूर्वी ही पर्थच्या फोनची वेळ असे. मी विचारलं तर ते म्हणाले की आठवड्यातून एखादा येतो. आता ती दोघं एकमेकांशीच बोलतात, रोज बोलतात, अर्धा अर्धा तास. आमचं काय चाललं ते तिला त्याच्याकडून कळते, त्याला तिच्याकडून. ‘भांडन होतं तवा दोघंही रोज मलेच फोन करत होते,’ ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून.

काहीतरी बोलायचं म्हणून मी गमतीने म्हटलं, मग पुन्हा एक नोटीस काढू या का? ते हसले नाहीत. म्हणाले, ‘नाई, मास्तर. मोजनी झाली का दोघं भाऊ झाडाखाली भाकर खाले बसतात. मोजनीवाल्यानं तवा आपली साखळी गुंडाळाव अन् निघून जाव. तिथं थांबू नये त्यानं.’

असं म्हणाले खरे, पण मी निघेपर्यंत तो फोन काही त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.